'टेन्शन आलंय' म्हणजे नक्की काय आलंय? भावनांना नाव देण्याचे अनुभव

आपल्या बोलण्यात 'टेन्शन' फार ऐसपैस पसरलंय. परीक्षा उद्यावर आली की टेन्शन, आई आजारी पडली की टेन्शन, मैत्रीण दुरावली की टेन्शन, वरिष्ठांनी चारचौघांत सुनावलं तरी टेन्शनच. खरं तर या चार प्रसंगांत आत चाललेलं असतं ते निरनिराळं. पहिल्यात धाकधूक, दुसऱ्यात काळजी, तिसऱ्यात हुरहूर, चौथ्यात अपमान. त्यावर करायच्या गोष्टीही निरनिराळ्या. धाकधुकीला तयारी लागते, हुरहूर असेल तर आपणहून फोन करावा लागतो, अपमान झाला असेल तर त्या माणसाशी बोलायचं की नाही हे ठरवावं लागतं. सगळं एकाच शब्दाखाली कोंबलं की सल्लाही एकच उरतो: टेन्शन घेऊ नकोस. आणि तो पाळायचा कसा, हे कुणीच सांगू शकत नाही.

या विषयावर संशोधनही बरंच झालंय. 2007 साली मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेसाठी शब्द निवडायला सांगितलं, तेव्हा अमिग्डाला या भागाची प्रतिक्रिया मंदावली. धोका जाणवला की मेंदूचा हा भाग चटकन जागा होतो. त्याच वेळी कपाळामागच्या एका भागातली हालचाल वाढली. त्याच चेहऱ्याला शोभेल असं माणसाचं नाव निवडायला सांगितलं, तेव्हा मात्र तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे नुसतं बोलण्याने नव्हे, भावनेला भावना म्हणून ओळखल्याने फरक पडत होता.

म्हणून काही जणांना विनंती केली: नाव सापडलं आणि त्यामुळे पुढचं काही बदललं, असा एखादा प्रसंग सांगा. उपदेश नको, प्रसंग हवा. आलेले अनुभव ज्याचे त्याच्या शब्दांत, नावं न देता देतेय.

वडिलांची काळजी घेणारी मुलगी

बाबांना स्मृतिभ्रंश आहे. मी त्यांच्याजवळ राहते. बरेच महिने मी सगळ्यांना सांगत होते की माझी फार चिडचिड होते. ते तोच प्रश्न पुन्हा विचारायचे, मी उत्तर द्यायचे, आवाज चढायचा, मग रात्री स्वतःचाच राग यायचा. मैत्रिणी म्हणायच्या, थकवा आहे, विश्रांती घे. विश्रांती घेतली तरी ते तसंच राहायचं.

एका समुपदेशक बाईंनी मला विचारलं, "चिडता त्याच्या अगदी आधीच्या क्षणी काय होतं?" मी डोळे मिटून आठवलं. बाबा माझ्याकडे बघतात आणि त्यांच्या नजरेत ओळख नसते. तिथे छातीत काहीतरी तुटतं. चीड त्याच्यानंतर येते. बाई म्हणाल्या, "हा शोक आहे. माणूस समोर असताना होणारा शोक." पॉलीन बॉस या अभ्यासकांनी 1970च्या दशकापासून या प्रकारच्या वियोगावर काम केलंय, हे त्यांनीच सांगितलं. माणूस शरीराने आहे पण मनाने नाही, किंवा बेपत्ता झाल्यामुळे मनात आहे पण समोर नाही. अशा दुःखाला अंत्यविधी नसतात, भेटायला कुणी येत नाही, त्यामुळे ते दुःख आहे हेच कुणाला कळत नाही. ज्याचं आहे त्यालाही नाही.

त्या दिवशी मी खूप रडले. तेव्हापासून चिडचिड पूर्ण गेली असं नाही, पण ती आली की मला कळतं, मागे कोण उभं आहे. मग बाबांशी वाद घालत बसत नाही, पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जाते. आणि अजून एक झालं, त्याची मी अपेक्षाच केली नव्हती. ते गुणगुणायला लागले की मी आता शेजारी बसते. पूर्वी त्या गुणगुणण्यानेही जीव कासावीस व्हायचा. आता त्यात मला मजा येते, आणि दुःखही होतं, दोन्ही एकदम. दोन्हींना आपापली नावं आहेत म्हणून ती एकमेकांच्या आड येत नाहीत.

हिशेब तपासनीस, वय पन्नाशीचं

मला कुणी "काय वाटतंय?" विचारलं की मी "काही नाही" म्हणायचो, आणि ते अगदी प्रामाणिक उत्तर होतं. मला खरंच काही सापडायचं नाही. पोट मात्र दुखायचं. तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं तेव्हा कळलं की स्वतःच्या भावना ओळखणं आणि त्या शब्दांत मांडणं बऱ्याच लोकांना अवघड जातं. त्याला अलेक्झिथायमिया म्हणतात. पीटर सिफ्निओस या मानसोपचारतज्ज्ञांनी 1970च्या दशकात हा शब्द वापरात आणला. माझ्यासारखे आणखी लोक आहेत एवढ्याने मला हायसं वाटलं. हे 'हायसं' बहुधा मी जाणून घेतलेलं पहिलं वाटणं.

माझ्यासाठी रस्ता शरीरातून गेला. भावनांची यादी समोर ठेवली की मी गोंधळतो, पण जबडा आवळलाय का, खांदे वर गेलेत का, हात गार पडलेत का, हे मला सांगता येतं. फिनलंडच्या संशोधकांनी सातशेच्या वर लोकांना शरीराच्या आकृतीवर निरनिराळ्या भावना रंगवायला दिल्या होत्या. रागात छाती, डोकं आणि हात तापलेले, दुःखात हातपाय मंदावलेले, आनंदात अंगभर ऊब. निरनिराळ्या देशांतल्या लोकांची चित्रं बरीचशी जुळली. ते वाचल्यावर मी स्वतःचा नकाशा करायला घेतला. जबडा म्हणजे राग. पोट म्हणजे भीती, आणि तीही बहुतेक वेळा कुणीतरी नाराज होईल याची. हे लक्षात आल्यावर पत्नीला एकदा म्हणालो, "तू नाराज होशील म्हणून मी हे सांगत नव्हतो." ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग आता सांग." पोट अजून दुखतं, पण कमी.

व्यासपीठावर बोलणारी एक जण

माझं छोटंसंच आहे. बोलायला उभं राहण्याआधी काळीज धडधडतं. मी स्वतःला शांत हो, शांत हो म्हणायचे, त्याने धडधड वाढायची. मग 2014चं ॲलिसन वुड ब्रूक्स यांचं संशोधन वाचलं. गाण्याआधी, भाषणाआधी ज्यांनी 'मी घाबरलोय' किंवा 'शांत हो' याऐवजी 'मला उत्साह वाटतोय' असं स्वतःशी म्हटलं, त्यांची कामगिरी सरस झाली. भीती आणि उत्साह दोन्हींत शरीर सारखंच पेटलेलं असतं, म्हणून एकातून दुसऱ्यात जाणं सोपं. माझ्या बाबतीत हे खोटं समाधान नाही. मला बोलायला खरंच आवडतं, आणि त्या धडधडीत ती आवडही होतीच.

नृत्य शिकवणारी बाई

आमच्या क्षेत्रात भावनांची नावं हे रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव, म्हणजे मनात टिकून राहणारे, आहेत: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. त्यांच्यासोबत येऊन जाणारे तेहतीस व्यभिचारी भाव. आणि आठ सात्त्विक भाव, म्हणजे अंगावर दिसणारे: घाम, रोमांच, कंप, आवाज फुटणं, रंग उडणं, अश्रू वगैरे. सगळे मिळून एकोणपन्नास. मुली पाठ करतात, परीक्षेत लिहितात, विसरतात. मी विसरू देत नाही.

त्या तेहतिसांची यादी जरा सावकाश वाचावी. ग्लानी वेगळी आणि श्रम वेगळा. एकात आतलं बळच ओसरलेलं, दुसऱ्यात काम करून दमलेलं. चिंता वेगळी, शंका वेगळी, त्रास म्हणजे दचकणं ते वेगळं. क्रोध स्थायी, पण अपमान सहन न झाल्याने उसळतो तो अमर्ष. आणि माझा सर्वात लाडका, अवहित्थ: मनातलं लपवणं. लपवणं हासुद्धा एक भाव आहे, त्यालाही मुद्रा आहे, नजर आहे, हे कुणीतरी इतक्या जुन्या काळी बारकाईने पाहिलं, याचं मला अजूनही अपार कौतुक वाटतं.

माझी एक विद्यार्थिनी वर्षभर वर्गात हसतमुख असायची. अवहित्थ शिकवताना मी म्हटलं, नजर खाली, मग पटकन दुसऱ्याच विषयावर बोलणं. ती थांबली. वर्ग संपल्यावर म्हणाली, "ताई, हे मी घरी रोज करते." काय लपवतेस, असं मी विचारलं नाही. तिनेच काही आठवड्यांनी सांगितलं. असूया होती, धाकट्या बहिणीबद्दलची. ती म्हणाली, यादीत हा शब्द शोक आणि हर्षाच्या रांगेत बसलेला बघून तिला पहिल्यांदा वाटलं की आपण वाईट मुलगी नाही, आपल्याला असूया वाटते एवढंच. माझ्या मते हा फरक सगळ्यात मोठा आहे. 'मी मत्सरी आहे' यातून बाहेर पडायला दार नाही. 'मला आत्ता मत्सर वाटतोय' यात 'आत्ता' आहे. व्यभिचारी भाव येतात आणि जातात, त्यांचा स्वभावच तो.

एका लहान मुलाचा बाबा

लेक आदळआपट करत होता. मी म्हटलं, "तुला राग आलाय ना?" तो ओरडला, "नाही! मला एकटं वाटतंय!" त्याच्या मित्रांनी त्याला खेळात घेतलं नव्हतं. तेव्हापासून मी नाव ठरवून सांगत नाही, विचारतो. "राग आहे, की वाईट वाटलंय, की आणखी काही?" तो विचार करतो. त्या विचार करण्यातच अर्धी आदळआपट थांबते.

ज्यांना याचा उपयोग झाला नाही, त्यांच्याकडून

सगळे छान लिहितील म्हणून मी मुद्दाम लिहितोय. घटस्फोटानंतर मी भावनांची वही ठेवली. विषाद, खंत, पोकळी, चीड, पुन्हा विषाद. शब्द अचूक होते. बरं काही वाटत नव्हतं. उलट दिवसभर मी तेच उगाळत होतो. नाव देणं आणि घोळत बसणं यांत फरक आहे, आणि तो मला आतून कळत नव्हता. झोप गेली, भूक गेली, कशातच रस उरला नाही. शेवटी भावाने हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. नैराश्य होतं, औषध आणि उपचार लागले. आता वही आहे, पण एकदा लिहिलं की मिटतो आणि बाहेर पडतो.

(हा अनुभव मला फार मोलाचा वाटला. मन खिन्न राहणं किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, सोबत झोप, भूक बिघडली, तर शब्द शोधत बसू नका, तज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.)

तीस वर्षांच्या संसारातली एक जण

हे उशिरा येतात, फोन उचलत नाहीत, दार उघडलं की मी भांडते. एकदा मीच भांडता भांडता थांबून म्हणाले, "अहो, मी रागावले नाहीये, मी भ्यायले होते." ते चपला काढता काढता तसेच उभे राहिले. आता निघताना कळवतात. कधी विसरतात, तेव्हा मी पुन्हा भांडते, पण दोघांनाही माहीत असतं की ही भीती आहे.

नुकत्याच निवृत्त झालेल्या एक जण

आतापर्यंतचे बहुतेक अनुभव दुखऱ्या भावनांचे आहेत. मला सुखाच्या बाजूने सांगायचंय. दुःखाचे शब्द आपण शोधतो, कारण ते टोचतं. सुखाला मात्र 'छान वाटलं' म्हणून मोकळे होतो. बार्बरा फ्रेडरिक्सन या मानसशास्त्रज्ञांनी दहा सुखद भावना वेगळ्या काढल्या आहेत. त्यांत आनंद, कृतज्ञता, प्रसन्न शांतता, कुतूहल, आशा, अभिमान, गंमत, प्रेरणा, विस्मय आणि प्रेम येतात. ती यादी वाचली आणि मी रोज संध्याकाळी विचारू लागले, आजचं 'छान' यातलं कुठलं?

पहिले काही दिवस समाधानाखेरीज काही सापडेना. हळूहळू वेगळेपण दिसू लागलं. नातीने मला शब्दकोडं सोडवायला लावलं ती गंमत होती. जुन्या सहकारी बाईंनी एक अडचण विचारायला फोन केला, तो अभिमान. निवृत्तीनंतर मला सगळ्यात जास्त कमी पडत होतं ते कुतूहल, हे मला यादीमुळेच कळलं. करमत नाही, करमत नाही म्हणत होते, आणि घरचे म्हणत होते, माणसांत मिसळ. माणसं भरपूर होती. नवीन काही शिकायला नव्हतं. आता मी एक नवी लिपी शिकतेय. अक्षरं वाकडीतिकडी येतात, पण सकाळी उठल्याबरोबर वहीची आठवण होते. काल मुलगी म्हणाली, "आई, तू आनंदी दिसतेस." मी म्हटलं, आनंदी आहेच, पण त्याहून जास्त उत्सुक आहे, उद्या जोडाक्षरं आहेत.