इकामा (सौदीतला राहण्याचा परवाना) वाढलेला दिसतो, री-एंट्री (सुट्टीवरून परत जाण्याचा व्हिसा) नाही. गावी अडकलेल्याने काय करावं?

बाणकोटखाडी, 2 ऑगस्ट 2021
धाकटा भाऊ रियाधला एसी टेक्निशियन आहे. सुट्टीवर मंडणगडला आला आणि सौदीने फेब्रुवारीत भारतातून येणाऱ्यांवर घातलेल्या कोविड बंदीत अडकला. इकामा 31 ऑगस्टपर्यंत फुकट वाढल्याचं ग्रुपवर फिरतंय. बघितलं तर इकाम्याची तारीख सरकलीय, खुरूज-औदा म्हणजे री-एंट्री मात्र जूनमध्येच संपलेली. कफील (तिथला प्रायोजक मालक) म्हणतो, आपोआप होईल. पासपोर्टही डिसेंबरात संपतोय. आधी कशाला हात घालू?

दर्यावर्दी
आधी खुरूज-औदा. ही वाढ जवाजात (सौदीचं पासपोर्ट खातं) स्वतःच करतं, अर्ज नाही की फी नाही, हे खरं. पण इकामा आणि री-एंट्री या दोन वेगळ्या नोंदी आहेत. एक सरकली म्हणून दुसरी सरकलीच असं नाही. मुकीम या जवाजातच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर व्हिसा व्हॅलिडिटीत इकामा नंबर आणि पासपोर्ट नंबर टाकून बघा. हातातल्या प्रिंटवर जुनीच तारीख राहणार, त्यावर जाऊ नका. आणि तारीख हिजरी आहे की इंग्रजी, ते बघा. हिजरी वर्ष साधारण 11 दिवसांनी लहान, तिथेच हिशोब चुकतो.

नोंद सरकली नसेल तर माणूस बाहेर असतानाही कफील आपल्या खात्यातून ती वाढवू शकतो. इकामा चालू हवा, आणि आत्ताच्या (2021) दराने महिन्याला 100 रियाल पडतात. वाट बघत बसू नका. री-एंट्री संपून दोन महिने झाले की सिस्टीम आपोआप 'गेला, परतला नाही' असा शेरा मारते, मग आत्ताच्या (2021) नियमाप्रमाणे त्याच कफीलशिवाय दुसऱ्याकडे तीन वर्षं जाता येत नाही. जूनमध्ये संपली म्हणजे तुमचे दोन महिने याच ऑगस्टात भरतायत.

खाडीपट्टा
'आपोआप होईल' यावर माझा फारसा विश्वास नाही. फुकट वाढ संपली की खरं नूतनीकरण कफीललाच करायचंय, आणि तिथे इकाम्याचे 650 रियाल ही किरकोळ बाब. भारी पडतं ते मकतब अमल, म्हणजे कामगार कार्यालयाची फी: कंपनीत परदेशी जास्त असतील तर महिन्याला 800, म्हणजे वर्षाला 9,600, सौदी जास्त असतील तर 8,400. ते आणि मेडिकल इन्शुरन्स भरल्याशिवाय इकामा पुढे जात नाही. म्हणून 'इकामा कधी करणार?' असं विचारू नका, 'मकतब अमल भरलं का?' असं विचारा. तेही व्हॉट्सॲपवर लिहून, फोनवर नको. सौदी कामगार कायद्याच्या कलम 40 प्रमाणे इकामा, वर्क परमिट, उशिराचा दंड आणि री-एंट्री हा सगळा खर्च मालकाचा. 'अर्धे तू पाठव' म्हणाला तर हे कलम दाखवा.

वाशिष्ठी
पासपोर्ट नूतनीकरणाला आत्ताच टाका, मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून रीइश्यू होतो. 36 पानी 1,500 रुपये. पोलीस पडताळणी अर्जातल्या पत्त्यावर होते, तेव्हा माणूस घरी हवा.

22 जुलैच्या पुरात चिपळूणला ज्यांचे पासपोर्ट भिजले त्यांच्यासाठी: 'डॅमेज्ड' खाली अर्ज केला की 3,000 लागतात. नंबर, नाव आणि फोटो वाचता येत असतील तरच तत्काळ मिळतं. म्हणून भिजलेला पासपोर्ट इस्त्रीखाली धरू नका, लॅमिनेशन सुटतं. पानांमध्ये टिपकागद घालून पंख्याखाली वाळवा.

नवा आला तरी जुना सोबत ठेवायचा. री-एंट्री जुन्या नंबरावर आहे, आणि नक्ल मालुमात (नव्या पासपोर्टची माहिती नोंदीत चढवणं) होईपर्यंत जवाजातच्या नोंदीत तोच नंबर. मुकीमवर नवा नंबर टाकून 'रेकॉर्ड नाही' आलं की लोक उगाच घाबरतात.

बाणकोटखाडी
कफीलला आज मेसेज टाकतो. लस कोविशिल्डची झालीय, दोन्ही डोस. अजून काही?

दर्यावर्दी
कोविशिल्ड चालते, सौदी ती ॲस्ट्राझेनेकाच धरतं. कोविनवर 'रेज ॲन इश्यू'मधून सर्टिफिकेटला पासपोर्ट नंबर जोडा, पण नवा पासपोर्ट हातात आल्यावरच. ही दुरुस्ती एकदाच करता येते.

सौदी सिम रिचार्ज करून रोमिंग चालू ठेवा, अबशर या सौदी सरकारी पोर्टलचा ओटीपी त्यावरच येतो. आणि तारीख वाढली म्हणजे दार उघडलं असं नाही. भारतावरची बंदी उठेपर्यंत वाटेत बंदी नसलेल्या देशात 14 दिवस काढावेच लागतात. री-एंट्री मुकीमवर सरकलेली दिसल्याशिवाय एजंटला त्या पॅकेजचे पैसे देऊ नका.