मेरीच्या निरोपाबद्दल

'वन पीस' या समुद्री चाच्यांवरच्या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचा ३१२वा भाग म्हणजे मेरी नावाच्या एका लाकडी जहाजासाठी वीस मिनिटं रडारड, असं वर कुणीतरी लिहिलंय; ते मत मला पटत नाही. जुन्या प्रसंगांची उजळणी लांबलीय, हे मात्र मान्य. तरी जहाजाचा कप्तान लुफी मशाल घेऊन मेरीला स्वतः आग लावतो आणि वरून बर्फ पडू लागतो, तिथे माझा घसा आजही दाटून येतो. मुखवट्याआड उभ्या त्याच्या साथीदाराकडे, उसॉपकडे, बघवतच नाही.

एक गोष्ट इथे कुणी काढली नाही. मेरीच्या आत्म्याला मालिकेत 'क्लाबाउटरमान' म्हणतात, आणि तो लेखकाने मनाने रचलेला नाही. उत्तर समुद्र आणि बाल्टिकच्या खलाशांच्या लोककथांमधला तो जहाजाचा राखणदार. हातात हातोडी, जहाजाची डागडुजी करणारा. पण तो डोळ्यांना दिसला की जहाज बुडणार, अशीही समजूत आहे. आता स्कायपिया या आकाशातल्या बेटावरची ती आधीची रात्र आठवा: धुक्यात कुणीतरी मेरी दुरुस्त करतंय आणि उसॉप ते बघतोय. निरोपाची चाहूल तेव्हाच दिली होती! हे कळल्यावर मी दोन्ही भाग लागोपाठ पाहिले. तुम्हीही तसेच बघा, खरंच.