शब्दचर्चा: 'बॉल हेड', 'क्विक रिलीज', 'आर्का-कॉम्पॅटिबल'

विचारणा

हौशी छायाचित्रकारांसाठी ट्रायपॉडचं हेड (पायांवर बसणारा, कॅमेरा धरणारा वरचा भाग) कसं निवडावं यावर मराठीत छोटी पुस्तिका लिहिते आहे. तीन शब्दांपाशी अडले आहे. 'बॉल हेड'ला 'गोलक-शीर्ष' म्हणावं का? 'क्विक रिलीज'साठी (कॅमेरा हेडवर पटकन लावायची-काढायची सोय) 'शीघ्रमोचक' सुचलं, पण ते वाचून वस्तू डोळ्यांपुढे उभी राहत नाही. आणि 'आर्का-कॉम्पॅटिबल'ला 'आर्का मानकानुसार' म्हटलं तर चालेल ना?

उत्तर

शेवटच्या शब्दापासून सुरुवात करतो, कारण तिथे शब्द चुकला तर वाचकाचा कॅमेरा पडू शकतो. 'मानक' इथे वापरू नका. कॅमेऱ्याच्या तळाशी स्क्रूचं जे भोक असतं, त्याला खरोखरच मानक आहे: आयएसओ १२२२. कॅमेऱ्याचा स्क्रू १/४ इंची, इंचाला २० आटे. हेड पायांवर बसतं तो जाड स्क्रू बहुधा ३/८ इंची, इंचाला १६ आटे. म्हणूनच एका कंपनीचं हेड दुसऱ्या कंपनीच्या पायांवर निर्धास्त चढवता येतं, आणि माप जुळलं नाही तर आटे पाडलेली छोटी बुशिंग मधे घातली की भागतं.

आर्काच्या प्लेटचं, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडमध्ये अडकवायच्या पट्टीचं, तसं नाही. आर्का-स्विस कंपनीने आपल्या हेडसाठी दोन्ही कडा तिरप्या कापलेली प्लेट आणली, ती सोयीची निघाली आणि इतर कंपन्यांनी तोच आकार उचलला. रुंदी साधारण ३८ मिलिमीटर, कडांचा उतार ४५ अंश, एवढं ढोबळमानाने सगळे सांभाळतात. माप किती इकडे-तिकडे झालेलं चालेल, हे मात्र ज्याचं तो ठरवतो. म्हणजे हा प्रघात झाला, मानक नव्हे. हा फरक पुस्तिकेत यायलाच हवा.

कारण तो हाताला जाणवतो, हेडवरच्या प्लेट धरणाऱ्या चिमट्यात, म्हणजे क्लॅम्पमध्ये. गोल मूठ फिरवून आवळायच्या क्लॅम्पचा जबडा हवा तितका पुढे-मागे सरकतो, त्यामुळे प्लेट किंचित अरुंद किंवा रुंद असली तरी पकड बसते. लिव्हरच्या क्लॅम्पचा जबडा ठरावीक अंतरच चालतो. प्लेट थोडी अरुंद निघाली तर लिव्हर पूर्ण बंद होऊनही ती आत हलते. रुंद निघाली तर लिव्हर मिटतच नाही. काही लिव्हर-क्लॅम्पमध्ये हे अंतर जुळवून घ्यायची सोय असते, सगळ्यांत नसते. 'कॉम्पॅटिबल' हा शब्द वाचून माणूस निश्चिंत होतो आणि नेमकं तिथेच फसतो. मी 'आर्का-पद्धतीची प्लेट' असं लिहीन आणि शेजारीच सांगेन की प्लेट आणि लिव्हरचा क्लॅम्प शक्यतो एकाच कंपनीचे घ्या, नाहीतर विकत घेण्याआधी बसवून, हलवून पाहा.

'गोलक-शीर्ष' नको. 'बॉल हेड' सर्वांना कळतं, तेच ठेवा. पण समजावताना आपल्याकडे नेमका शब्द आहे: 'उखळीचा सांधा'. शाळेच्या विज्ञानात खांदा आणि खुबा शिकताना तो येतो. बॉल हेड म्हणजे उखळीचा सांधा, सगळ्या दिशांना एकदम मोकळा आणि एका मुठीने एकदम घट्ट. थ्री-वे हेड म्हणजे एकेका दिशेला एकेक स्वतंत्र सांधा, प्रत्येकाचा दांडा वेगळा. एवढं कळलं की निवड निम्मी होते. झटपट चौकट बदलायची असेल तर उखळ. इमारतीची किंवा मांडून ठेवलेल्या वस्तूची चौकट एका दिशेने जराशीच सरकवायची असेल तर वेगळे सांधे. उखळ सैल केली की आधी साधलेली क्षितिजरेषाही बिघडते, हा तिचा मोठा दोष.

आणखी एक उत्तर

'क्विक रिलीज'बद्दल. आमच्यात कोणी 'खटका' म्हणतात. तो शब्द मला आवडतो, पण सगळीकडे लागू होत नाही. मॅनफ्रोटो कंपनीच्या आरसी२ या क्विक रिलीजमध्ये प्लेट दाबली की लिव्हर स्वतःहून फटकन मिटते. तिथे 'खटका' अगदी चपखल. आर्का-पद्धतीत मूठ पिळायची असते, तिथे खटका कुठला? शिवाय इंग्रजी नावात भर सोडण्यावर आहे, आणि घेणाऱ्याने पाहायचं ते धरून ठेवणं. मला 'झटपट जोड' बरा वाटतो. त्याचे दोन भाग, कॅमेऱ्याला कायम राहणारी प्लेट आणि हेडवरचा क्लॅम्प, हे शब्द तसेच असू द्या.

एक गोष्ट जरूर लिहा. प्लेट कॅमेऱ्याला एकाच स्क्रूने धरलेली असते. उभ्या चौकटीसाठी कॅमेरा कुशीवर वळवला की त्याचं वजन त्या स्क्रूभोवती प्लेट फिरवायला बघतं. म्हणून कॅमेऱ्याच्या अंगाला टेकणारी उभी कड असलेली प्लेट घ्यावी. त्याहून चांगला एल-ब्रॅकेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला आणि बाजूलाही बसणारी 'L' आकाराची प्लेट: कॅमेरा काढून उभा बसवायचा, हेड सरळच राहतं आणि भारही मध्यावर राहतो. प्लेटच्या टोकांना अडवणारे बारीक स्क्रू असतात, ते काढून टाकू नयेत. क्लॅम्प थोडा सैल राहिला तर कॅमेरा सरकून पडण्यापासून तेच वाचवतात.

विचारणाऱ्याकडून

दोघांचेही मनापासून आभार. 'प्रघात' हा शब्द घेतेच. आता 'लोड कपॅसिटी'ला 'भारक्षमता' लिहिलं आहे, ते बरोबर आहे ना?

पहिल्या उत्तरकर्त्याकडून

शब्द बरोबर आहे, पण त्यापुढचा आकडा जपून द्या. तो काढायची रीत सगळ्या कंपन्यांची सारखी नसते, त्यामुळे दोन हेडचे आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही. बरोब्बर मध्यावर ठेवलेलं वजन हेड सहज पेलतं. कस लागतो तो कॅमेरा पुढे झुकवल्यावर, कारण मग वजन सांध्यापासून दूर जातं आणि अंतर दुप्पट झालं की त्याच वजनाचा पीळ दुप्पट होतो. म्हणून 'भारक्षमता'च्या जोडीला 'पकड' हा शब्द वापरा आणि ती कशी तपासायची तेही सांगा: आपली सर्वांत जड लेन्स लावून कॅमेरा तिरपा करा, मूठ आवळा, पडद्यावर चित्र मोठं करून एखादी बारीक खूण मध्यावर आणा आणि हात सोडा. खूण खाली सरकली तर पकड कमी. लांब लेन्सला स्वतःचा पाय असेल तर प्लेट कॅमेऱ्याला न लावता त्या पायाला लावा आणि लांब प्लेट घ्या, म्हणजे ती क्लॅम्पमध्ये पुढे-मागे सरकवून तोल साधता येतो. पक्ष्यांसाठी जड लेन्स वापरणारे गिंबल हेड घेतात ते याच तोलासाठी: लेन्स तिच्या गुरुत्वमध्याभोवती झुलते आणि मूठ न आवळताही जिथे सोडाल तिथे थांबते.