मदत हवी आहे: गेम खेळायला ६० हजारात पीसी जोडू का पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल) घेऊ?

मंडळी, बजेट ६० हजार, ताणून ६५, त्याच्या वर घरचे ऐकणार नाहीत. मी जुळे सोलापुरात राहतो, टीव्ही घरात आहे, मॉनिटर नाहीये. पीएस५ भारतात २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाला (गेमची डिस्क घालता येणारा) ४९,९९० ला होता, नंतर किंमत उतरायच्या ऐवजी चढलीच की ओ. तरी तेवढ्यात तसली ग्राफिक्स देणारा पीसी काय बसत नाही, नवी पेठेत एका दुकानात कोटेशन काढलं तर ग्राफिक्स कार्डलाच निम्मे पैसे गेले आणि त्यात मॉनिटर, यूपीएस धरलेलंच नव्हतं (आमच्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही, यूपीएस पाहिजेच).

पण खरी मेख नंतरच्या खर्चात आहे असं मला वाटतंय, कन्सोलवर नवीन गेम चार-पाच हजाराला आणि विकतचे गेम ऑनलाईन खेळायचे तर पीएस प्लस (सोनीची वर्गणी) वेगळं भरा, पीसीला तसलं काय नाही, स्टीमच्या (पीसी गेमचं ऑनलाईन दुकान) सेलमध्ये जुने गेम पाच-सहाशेत मिळतात, एपिक (तसलंच दुसरं दुकान) तर दर आठवड्याला फुकट देतंय. उलट डिस्क खेळून झाली की विकता येते, स्टीमवरचा गेम विकता येत नाही. बहिणीला कॉलेजच्या प्रोजेक्टला पीसी लागणारच आहे, हा मुद्दा आईला लगेच पटला.

तर सोलापुरात सेकंडहँड डिस्क कुठं मिळतात का, का पुण्यावरनंच मागवायच्या? आणि वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घेतलं तर आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात टिकतंय का? ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी सांगा की प्लीज.