फेसबुकवर वाचक मिळतात, मग कवितासंग्रह कशाला?

निळीशाई: फेसबुकवर कविता टाकली की तासाभरात प्रतिसाद येतात. छापील संग्रहाच्या प्रती मात्र खोक्यांत पडून राहतात. तरी कवी छापून येण्यासाठी धडपडतात ते का?

पाच_फॉर्म: छापून आलं की कवितेचे नेमके शब्द आणि ओळी पक्क्या होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरता फिरता आधी कवीचं नाव गळतं, मग कडव्यांमधली जागा जाते, मग कोणीतरी पदरची ओळ घालतं. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी टिपून ठेवलं तेवढंच उरलं. 1951 मध्ये त्या गेल्या आणि अत्र्यांनी उचलून धरल्यामुळे 1952 मध्ये संग्रह निघाला. शेतात, जात्यावर म्हटलेलं बाकीचं गेलं ते गेलंच.

कडवं: शिवाय निवड. परक्या संपादकाने वीसातल्या दोन ठेवल्या की आपली कोणती कविता आपल्याशिवाय उभी राहते ते कळतं. लाइकमधून ते कळत नाही. पण बरेच संपादक अप्रकाशित कविताच घेतात आणि फेसबुकवर टाकलेली कविता त्यांच्या लेखी प्रकाशितच. दिवाळी अंकासाठी चार-पाच कविता जून-जुलैपर्यंत पाठवा, तोवर कुठेही टाकू नका.

निळीशाई: आणि संग्रहच काढायचा तर? आयएसबीएन घेतला की कॉपीराइट मिळतो ना?

पाच_फॉर्म: नाही हो. हक्क कविता लिहिल्याबरोबर तुमचाच, हयातभर आणि नंतर 60 वर्षं. आयएसबीएन हा नुसता पुस्तकाचा ओळखक्रमांक. भारतात तो मोफत मिळतो.

छपाईत एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घालतात त्या पानांच्या गठ्ठ्याला फॉर्म म्हणतात; सोळा पानी पाच फॉर्म म्हणजे 80 पानं. अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका वगैरेंत आठेक जातात. घोळ होतो तो अक्षरजुळणीत. श्रीलिपी या जुन्या फॉन्टांच्या सॉफ्टवेअरमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार सरकतो, ‘ऱ्या’ मोडतो. लांब ओळ मावली नाही की तिचा तुकडा खाली उतरतो आणि नवी ओळ वाटतो; तो आत सरकवून घ्या. कडवं नेमकं पानाच्या तळाशी संपलं तर पुढच्या पानावर नवं सुरू झालं की तेच चालू आहे, हे वाचकाला कळत नाही. तिथे शेवटच्या दोन ओळी पुढच्या पानावर ढकला, म्हणजे मोकळी जागा दिसेल. शेवटचं प्रूफ कागदावर घ्या आणि हस्तलिखिताशी ओळीला ओळ लावून तपासा.

आणि 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत पाठवायची असते. छोट्या प्रकाशनांकडून हे राहून जातं, तेव्हा पोचपावती मागून घ्या.