पोलो जीटी बघायला जातोय, कुणाला माहिती आहे?

गुरुवार

बी-४०२ (रात्री ९:१०)
नमस्कार मंडळी. सेकंडहँड गाडी घ्यायची आहे. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय, २०१६ चं मॉडेल, ऑटोमॅटिक, ६८ हजार किमी, पहिलाच मालक, एमएच १४ पासिंग. मोशीला आहे. पावणेपाच लाख सांगतायत. फोटोत एकदम चकाचक दिसतेय. रविवारी बघायला जातोय. कुणी वापरली आहे का ही गाडी? काय काय बघू?

डी-२०१ (९:१६)
मी वापरतोय, साडेपाच वर्षं झाली. माझी २०१७ ची, मीही सेकंडहँडच घेतली. इंजिन फक्त १.२ लिटरचं, पण टर्बो आहे. १०५ पीएस आणि १७५ एनएम टॉर्क, तोही दीड हजार आरपीएमलाच मिळतो. खंबाटकी घाटात चार माणसं आणि डिकीभर सामान घेऊन गेलो तरी गाडी धापा टाकत नाही. पण मित्रा, नीट ठेवलेली मिळाली तरच घे. ही गाडी बहुतेक हौशी पोरांनीच घेतली आणि बऱ्याच जणांनी ती ताणून चालवली.

ए-१०४ काका (९:२४)
आधी एक काम कर. मालकाला आत्ताच मेसेज टाक, की आम्ही सकाळी सात वाजता येतो, तोवर गाडी चालू करू नका. दिवसातला पहिला स्टार्ट तुझ्यासमोर झाला पाहिजे.

बी-४०२ (९:२५)
का काका? गरम असली तर काय फरक पडतो?

ए-१०४ काका (९:३१)
सगळा फरक तिथेच आहे. व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवायला या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. चेन लांबली किंवा टेन्शनर ढिला पडला की थंड इंजिन चालू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद खळखळ येते, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तशी. ऑइलचं प्रेशर आलं की टेन्शनर चेनला ताण देतो आणि आवाज जातो. गरम गाडीत तो बहुतेक वेळा येतच नाही. तू ऐकशील आणि म्हणशील, वा, काय गुळगुळीत इंजिन आहे. पण चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि अख्खं इंजिन उघडावं लागतं. मी एकतीस वर्षं भोसरीला मशीन शॉपमध्ये काढली आहेत. यंत्र थंड असताना लपवाछपवी करत नाही.

बी-४०२ (९:३३)
टाकला मेसेज. ठीक आहे म्हणाले.

डी-२०१ (९:४५)
आता गिअरबॉक्स. हा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आत दोन कोरडे क्लच असतात. एकावर १, ३, ५, ७ आणि दुसऱ्यावर २, ४, ६ आणि रिव्हर्स. त्या दोघांना चालवणारं डोकं म्हणजे मेकॅट्रॉनिक. कंपनीने २०१३ मध्ये चीनमध्ये डीएसजीच्या तक्रारींवरून ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या. नंतर उष्ण-दमट देशांतल्या गाड्यांमध्ये सिंथेटिक गिअर ऑइल काढून मिनरल भरलं. मेकॅट्रॉनिक गेलं तर खर्च लाखाच्या वर जातो. त्यामुळे मोशीच्या रिकाम्या गल्लीत एक चक्कर मारून "मस्त आहे" म्हणू नकोस.

डी-२०१ (९:४९)
गाडी किमान पाऊण तास चालव, आणि गर्दीत चालव. हा कोरडा क्लच मुंगीच्या पावलांच्या ट्रॅफिकमध्येच तापतो. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी सहाला नेलीस तर अर्ध्या तासात दूध का दूध होईल. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर येते का, ब्रेक सोडल्यावर गाडी सरळ सरकते की आधी दचकते, चढावर रिव्हर्स घेताना हिसका बसतो का, हे बघ. आणि मीटरवर गिअरचं अक्षर लुकलुकलं तर तिथेच चावी परत दे.

बी-४०२ आई (९:५२)
काका, रविवारी तुम्ही जाल का याच्याबरोबर? याचे बाबा नाशिकला असतात आणि मला गाडीतलं काही कळत नाही. याला रंग आवडला की झालं.

ए-१०४ काका (९:५४)
जाणारच आहे वहिनी. काळजी करू नका.

सचिव (१०:०२)
उद्या सकाळी १० ते १२ टाकीची सफाई आहे, पाणी बंद राहील. कृपया भरून ठेवावे.

ए-७०१ (१०:१५)
थोडं वेगळं सांगतो. आम्ही मूळचे सांगलीचे. २०१९ च्या पुरानंतर तीन-चार महिन्यांनी मी पुण्यातल्या एका डीलरकडून गाडी घेतली. कोणाकडून आणि कुठली, ते इथे लिहीत नाही. पॉलिश, नवी सीट कव्हरं, आत अत्तराचा वास. दीड महिन्यात पॉवर विंडो बंद, मग एअरबॅगचा दिवा, मग स्टार्टर. शेवटी मेकॅनिकने ड्रायव्हरची सीट काढली. रेलच्या खाचेत बोटाने उकरल्यावर बारीक काळी माती निघाली, मैद्यासारखी मऊ. ती माती मी लहानपणापासून ओळखतो, कृष्णेच्या काठची. मला त्या गाडीचे पैसे गेल्यापेक्षा आपल्याच गावचा पूर आपल्याला ओळखता आला नाही याचं जास्त वाईट वाटलं.

ए-७०१ (१०:१९)
म्हणून मी आता कुठलीही गाडी बघताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतो. बेल्ट धुतला तरी रिळात गुंडाळलेल्या आतल्या भागावर मातकट रेघ राहते. मग डिकीतलं स्टेपनी उचलून खाली हात फिरव, आणि सीटचे बोल्ट गंजलेत का बघ. पाच मिनिटांचं काम आहे.

सी-६०३ ताई (१०:२८)
दादा, हे वाचून खरंच वाईट वाटलं. मी इन्शुरन्सचं काम करते म्हणून सर्वांसाठी सांगते, मागचे इन्शुरन्स क्लेम विचारायला लाजू नका. पॉलिसीवर एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, किती आहे ते बघायचं. मालक म्हणतो "एकही क्लेम नाही" आणि आठ-नऊ वर्षांच्या गाडीवर एनसीबी शून्य असेल तर का ते विचारायचं. तो एनसीबी तुला मिळणार नाही बरं का, तो जुन्या मालकाबरोबर जातो. तुझा प्रीमियम त्याशिवाय धर.

बी-४०२ (१०:३०)
ताई, आरटीओचं काय काय लागतं?

सी-६०३ ताई (१०:३७)
मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. लोन होतं का ते आरसीवर बघ. असेल तर बँकेची एनओसी आणि लोनची नोंद काढायचा फॉर्म ३५, नाहीतर ट्रान्सफर अडेल. पैसे देण्याआधी ई-चलन तपास आणि थकलेली चलनं त्यांनाच भरायला लाव. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, त्यामुळे एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरपाटी, बसवलेली पाहिजे. आपण सगळे एमएच १४ मध्येच, म्हणून दुसऱ्या आरटीओसाठी लागणाऱ्या फॉर्म २८ ची गरज नाही. आणि गाडी ताब्यात घेतल्यापासून १४ दिवसांत इन्शुरन्स स्वतःच्या नावावर करून घे. यात लोक फार ढिलाई करतात आणि अपघात झाला की माझ्यासमोर येऊन रडतात. मला त्यांच्यासाठी काही करता येत नाही.

शुक्रवार

ई-५०५ (सकाळी ८:०५)
एवढी काळजी करायची तर बलेनो आरएस का नाही बघत? १ लिटर बूस्टरजेट टर्बो, १०२ पीएस, मॅन्युअल पाच गिअर, चारही चाकांना डिस्क. डीएसजीची भीतीच नाही.

डी-२०१ (८:२०)
चांगली गाडी आहे, पण २०१७ ते २०२० एवढीच आली, मनासारखी मिळायला वाट बघावी लागते. आणखी ताकद हवी तर आपल्या रांजणगावला बनलेली फियाटची पुंटो अबार्थ, १४५ पीएस. पण पहिली गाडी म्हणून मी ती कुणालाच सुचवणार नाही, फियाटने देशात गाड्या विकणंच थांबवलं, पार्टसाठी फिरावं लागतं. पोलोही २०२२ ला बंद झाली, पण चाकणला १२ वर्षं बनत होती. व्हेंटो टीएसआयमध्ये हेच इंजिन आणि हाच गिअरबॉक्स, त्यामुळे पार्ट आणि हात बसलेले मेकॅनिक दोन्ही मिळतात.

बी-४०२ (८:२४)
मला ऑटोमॅटिकच हवी आहे दादा. आईलाही चालवायची आहे.

डी-२०१ (८:३१)
मग दोन गोष्टी अजून. एक, एसी. कूलिंग कॉइल लीक होणं हे पोलोचं जुनं दुखणं आहे, आणि ती बदलायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो. बिलं माग. दर उन्हाळ्यात गॅस भरल्याची नोंद दिसली तर लीक आहे असंच समज. दुसरं, रीमॅप. या गिअरबॉक्सची क्षमता २५० एनएमची आहे, कंपनीच्या सेटिंगला १७५ मिळतात. काही जण सॉफ्टवेअर बदलून त्या मर्यादेला टेकवतात आणि क्लच लवकर संपतो. विकताना परत मूळ सॉफ्टवेअर टाकतात. बाहेरचा एअर फिल्टर, कापलेला सायलेन्सर, खाली बसवलेल्या स्प्रिंगा, यातलं काही लावून काढल्याच्या खुणा दिसल्या तर निघून या.

डी-२०१ (८:३३)
माझा ओबीडी स्कॅनर घेऊन जा, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचतो तो. कोड नसले तरी रेडिनेस मॉनिटर बघ, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्यात का ते. सगळे "नॉट रेडी" दाखवत असतील तर नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलेली आहे. टर्बोचा वेस्टगेट, म्हणजे जादा दाब सोडणारी झडप, अडकत असेल तर जोरात पिकअप घेताना मीटरवर ईपीसीचा, म्हणजे इंजिन कंट्रोलच्या बिघाडाचा, दिवा लागतो, त्यासाठी एकदा मोकळ्या रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाब.

रविवार

बी-४०२ (सकाळी ७:२०)
मंडळी, आत्ता मोशीत आहोत. काकांनी उतरल्या उतरल्या बॉनेटवर हात ठेवला. कोमट आहे.

डी-२०१ (७:२२)
अरेरे. चालू केली होती त्यांनी?

बी-४०२ (७:२३)
म्हणतात पहाटे मुलीला चिंचवड स्टेशनला सोडून आलो. माणूस खरं बोलतोय असं वाटतंय, फाइल स्वतःहून आणून ठेवली.

ए-१०४ काका (११:४०)
घरी आलो. आत्तापर्यंतचं लिहितो. सीटबेल्ट, स्टेपनीची जागा, सीटचे बोल्ट स्वच्छ, पाण्यात गेलेली नाही. उजवा मागचा दरवाजा रंगवलाय, त्यांनी विचारण्याआधीच सांगितलं. टायरवर ०९२१, म्हणजे २०२१ च्या नवव्या आठवड्याचे, चारही बदलावे लागतील. एकाच्या भिंतीला फुगा आहे. पुढून स्पीडब्रेकरवर टपटप येते, सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा बुश, किरकोळ काम. सर्व्हिस दरवर्षी झाली आहे, ऑइल फोक्सवॅगनच्या ५०२ ग्रेडचंच. पण एसी गॅसची बिलं सलग तीन उन्हाळ्यांची आहेत. गिअरबॉक्स सव्वा तास फिरवला, मोशी ते चाकण आणि परत, रविवारच्या गर्दीतून. एकदाही दचकला नाही. पोरगा चालवत होता आणि मी डोळे मिटून फक्त ऐकत होतो.

मी मालकाला सांगितलंय, मंगळवारी परत येतो, त्या दिवशी रिक्षाने जा.

मंगळवार

बी-४०२ (सकाळी ७:०८)
बॉनेट थंड. काकांनी मला बॉनेटजवळ उभं केलं आणि मालकांना चावी फिरवायला सांगितली. खळखळ आली. साधारण तीन सेकंद, मग एकदम शांत. मालकांचा चेहरा पडला. ते रोज काच बंद करून रेडिओ लावूनच चालू करतात, त्यांनी कधी ऐकलीच नव्हती.

डी-२०१ (७:१५)
सोडून दे. दुसरी मिळेल.

ए-१०४ काका (७:४८)
मला तसं वाटत नाही. मेकॅट्रॉनिक कधी जाईल हे कुणी सांगू शकत नाही, त्याची भीती असते. चेनचं तसं नाही. चेन, टेन्शनर, गाईड असा पूर्ण सेट बदलला की विषय संपला, आणि त्याचा खर्च आधी कळतो. गिअरबॉक्स उत्तम, पुराचं पाणी नाही, मालक सरळ माणूस. चेन, एसी कॉइल, चार टायर यांचं लेखी कोटेशन घ्यायचं आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगायचं. कमी झाले तर घे, नाहीतर नको. पण तोवर ती गाडी त्यांनीही फार चालवू नये, मी तसं बजावून आलोय.

सी-६०३ ताई (८:०२)
टोकन देणार असलात तर पावतीवर लिहून घ्या, की तपासणीत आणखी काही निघालं तर टोकन परत. तोंडी नको.

बी-४०२ आई (८:१०)
काका, तुम्ही दोनदा पहाटे उठून गेलात. आज संध्याकाळी साडेसहाला चहाला या, मी थालीपीठ करते.

बी-४०२ (रात्री ८:५५)
टोकन दिलं नाही अजून. दापोडीच्या गॅरेजवाल्याशी बोललो, शनिवारी टायमिंग कव्हर बघून कोटेशन देतो म्हणाला. मालकही तयार आहेत. पण गॅरेजवाला म्हणतोय, गाडी शुक्रवारी रात्रीच गॅरेजला आणून लावा, सकाळी मीच पहिली चालू करणार.

ए-१०४ काका (९:०१)
मग त्याच्याकडेच ने. फोन नंबर मलाही पाठव.