पाणी तरी विचाराच
धर्मप्रचारासाठी दारावर येणाऱ्या मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) पोरांशी कसं वागावं, असा प्रश्न पडलाय? आत घ्या हो! मुलगे 18 व्या वर्षापासून दोन वर्षांसाठी प्रचाराला जातात, मुली दीड वर्षासाठी. कुठल्या गावी जायचं ते चर्च ठरवतं. फेब्रुवारी 2019 पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला, एरवी ईमेल. आता दर आठवड्याला बोलता येतं. पण दिवसभर तोंडावर दारं आपटून घेतल्यावर फोनपेक्षा ‘जेवलात का?’ जास्त उपयोगी पडतं, असं माझं मत. धर्म बदलायचा नसेल तर आधीच स्पष्ट सांगा, त्यांचाही वेळ वाचतो. फक्त चहा-कॉफी त्यांना वर्ज्य (आपली पंचाईतच!), तेव्हा लिंबू सरबत करा.